विश्लेषण : लशीचे यश आतड्यातील जिवाणूंच्या हाती?

एकच लस, एकच मात्रा. तरी कुणात भरपूर प्रतिपिंडे तयार होतात, कुणात कमी. याचे एक कारण आतड्यात असू शकते, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात.

प्रयोगात काय आढळले?
अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील बाली पुलेंद्रन यांच्या गटाने २०१४ मध्ये फ्लूच्या लशीबाबतचे संशोधन प्रसिद्ध केले. प्रतिजैविके देऊन आतड्यातील जिवाणू मारलेल्या उंदरांत लशीनंतर प्रतिपिंडे कमी तयार झाली.

असे का घडते?
काही जिवाणूंना पोहण्यासाठी शेपटीसारखा तंतू असतो. त्यातील फ्लॅजेलिन हे प्रथिन शरीरातील ‘टीएलआर-५’ हा ग्राही ओळखतो आणि प्रतिकारयंत्रणा सावध होते. असा तंतू असलेले ई. कोलाय जिवाणू जंतुमुक्त उंदरांना तोंडावाटे दिल्यावर प्रतिपिंडे वाढली. तंतू नसलेल्यांनी तो परिणाम साधला नाही.

आहाराचा संबंध काय?
डाळी, भाज्या, भरड धान्यांतील तंतुमय भाग आपल्याला पचत नाही. तो जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारी लघुशृंखला मेदाम्ले उंदरांत प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना बळ देतात.

मग लशीआधी दही खावे का?
तसा निष्कर्ष काढता येत नाही. पीतज्वराच्या जिवंत लशीवर उंदरांतही हा परिणाम दिसला नाही. मात्र तोंडावाटे दिली जाणारी रोटाव्हायरस लस गरीब देशांतील बालकांत कमी प्रभावी ठरते. त्यामागे कुपोषण आणि आतड्यातील जिवाणूंचा वाटा किती, हे उलगडले तर सर्वाधिक लाभ त्यांनाच होईल. तोवर लस वेळेवर घ्यावी आणि प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.