हाडातील स्टील आणि नायट्रोजनचे कवच

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या वृद्धांत काठी टेकणारे कोणी ना कोणी असतेच, आणि ‘पायात रॉड आहे’ हे वाक्यही तिथे नवे नाही. तो रॉड किंवा ती प्लेट बहुधा टायटॅनियमची अथवा ३१६एल जातीच्या स्टेनलेस स्टीलची असते. स्टीलची असली, की घरच्यांच्या मनात शंका घोळते: आत गंजणार तर नाही?

शंका निराधार नाही. स्टीलच्या डब्यात ओलसर मीठ राहिले की तळाशी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, हे बहुतेक गृहिणींनी पाहिलेले असते. शरीरातील द्रवही खारटच, सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असते ते याच हिशेबाने. स्टीलचे रक्षण करतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा. मात्र हे स्टील तुलनेने मऊ असते. प्लेट आणि स्क्रू एकमेकांवर घासले की पापुद्रा निघतो आणि गंजाला वाट मिळते.

मग ते कठीण का करू नये? ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून त्यात नायट्रोजन मुरवला, तर पृष्ठभाग कठीण होतो खरा. पण नायट्रोजन क्रोमियमलाच बांधून टाकतो आणि स्टील गंजू लागते. रोगापेक्षा इलाज भयंकर! १९८० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंड व जपानमधील संशोधकांनी दाखवले, की उष्णता सुमारे ४५० अंशांखाली ठेवल्यास क्रोमियम जागेवरच राहते आणि नायट्रोजन आत सामावतो. त्यासाठी हवा काढून घेतलेल्या भट्टीत विरळ वायू सोडून विजेने त्याचा प्लाझ्मा करतात. जांभळट प्रकाश वस्तूला वेढतो. कित्येक तासांनी तयार होणारा थर काही मायक्रोमीटरचाच, पण मूळ स्टीलच्या कितीतरी पट कठीण. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने प्लाझ्मा नायट्रायडिंग उद्योगांपर्यंत नेले.

हाडांच्या प्लेटसाठी मात्र हे तंत्र अजून मुख्यतः अभ्यासाच्या पातळीवर आहे. तेव्हा आज आपल्या हाती आहे ते करावे. ३१६एलमध्ये निकेल असते; खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ उठत असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. कोणता धातू बसवला याचा कागद जपून ठेवावा आणि एम.आर.आय.पूर्वी तो दाखवावा. जुन्या जखमेपाशी सूज, नवी वेदना किंवा स्राव दिसला, तर तेल लावून चोळत बसू नये. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक्स-रे काढून घ्यावा.