पोचट दाणा मिठाच्या पाण्यात का तरंगतो?

भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात घाला असे सांगितले, की भिवंडी तालुक्यात एक प्रश्न हटकून निघतो : साधे पाणी का चालू नये? विहीर व खाडी या दोहोंत जो पोहला आहे, त्यास अर्धे उत्तर ठाऊकच असते. खाडीत अंग हलके वाटते. कारण मिठामुळे तेवढ्याच मापाचे पाणी वजनाने जड होते व अधिक उचलून धरते. गोड्या पाण्यात केवळ पोकळ दाणे वर येतात; अर्धवट भरलेले दाणे भरीव दाण्यांसोबत बुडतात. खारे पाणी त्यांतील बहुतेकांस वर आणते. आणि खरा धोका त्यांचाच! कोंबास पाने फुटून स्वतःचे अन्न तयार करता येईपर्यंत दाण्यातील पिठावरच जगावे लागते. ही शिदोरी अपुरी पडली, तर रोप अशक्त निपजते व आवणीनंतर नांगे पडतात.

जपानात योकोई यांनी १८८२ मध्येच ही रीत मांडली होती.

१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवावे. बी ओतून ढवळावे व पाणी स्थिर होताच तरंगणारे दाणे काढून टाकावेत. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. येथे हयगय नको. मीठ राहिल्यास उगवणीस बाधा येते. नंतर बी २४ तास सावलीत वाळवावे.