दर्यावरील वादळाची वर्दी व आपली शेती

समुद्रावरील हवामानाची वर्दी खलाशी, तांडेल व मच्छीमार यांच्याकरितांच असते, घाटावरील शेतकऱ्यानें तिकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं, असा समज आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचा आहे. हा समज किती महाग पडतो हें मागील कांहीं वर्षांनीं दाखवून दिलें आहे. इ. स. २०१९ च्या ऑक्टोबरांत अरबी समुद्रांत ‘क्यार’ नांवाचें अतिप्रचंड वादळ उठलें. तें आपल्या किनाऱ्यास लागलेंच नाहीं. तोंड फिरवून ओमानच्या दिशेनें निघून गेलें. तरी जातां जातां त्यानें पाऊस पाडला, आणि कोंकणांत कापून शेतांत पसरलेलें भात भिजलें. म्हणून ही वर्दी कशी तयार होते, ती वाचावी कशी, आणि तिच्यावरून काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

वादळ कसें उठतें

वादळाचें इंधन म्हणजे ऊन पाण्याची वाफ. समुद्राचें पाणी सुमारें ५० मीटर खोलीपर्यंत २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापलेलें असलें, म्हणजे त्यावरील ओली हवा वर चढूं लागते. वर गेल्यावर वाफेचें पाणी होतें, व त्या वेळीं वाफेंत सांठलेली उष्णता मोकळी होऊन हवा आणखी वर चढते. खालीं दाब उतरतो आणि ती जागा भरण्यास चहूंकडून वारे धांवतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळें हे वारे सरळ मध्याकडे न जातां वळतात, आणि आपल्या उत्तर गोलार्धांत मध्याभोवतीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरूं लागतात. विषुववृत्तापासून सुमारें ५ अंशांच्या आंत हें वळण फार दुबळें असल्यामुळें तेथें वादळ सहसा होत नाहीं.

ऐन पावसाळ्यांत खालचे वारे नैर्ऋत्येकडून, तर फार उंचीवरील वारे पूर्वेकडून जोरानें वाहतात. या ओढाताणींत उभें राहूं पाहणारें वादळ मोडून जातें. म्हणून वादळांचे हंगाम दोन: पावसाळ्याआधीं एप्रिलपासून जूनपर्यंत, आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. पहिल्यांत आपला आंबा उतरण्याचा व पेरणीचा काळ येतो. दुसऱ्यांत भाताची कापणी, सोयाबीनची मळणी व द्राक्षबागांची ऐन निगा. बंगालच्या उपसागरांत वादळें अधिक होतात हें खरें. परंतु अरबी समुद्र अलीकडील दशकांत तापत चालला असून तेथील वादळांचें प्रमाण व जोर वाढल्याचें संशोधकांस आढळून आलें आहे.

वर्दीची भाषा

आपल्या देशाचें हवामान खातें इ. स. १८७५ मध्यें स्थापन झालें. उपग्रहांचीं छायाचित्रें, समुद्रांत तरंगत ठेवलेलीं यंत्रें, जहाजांवरून येणाऱ्या नोंदी व किनाऱ्यावरील रडार यांच्या आधारें तें वादळाचा माग ठेवतें. वर्दीमधील शब्द हे वर्णनाचे अलंकार नव्हेत. प्रत्येकास ठराविक माप आहे. वाऱ्याचा वेग ताशीं ३१ ते ४९ किलोमीटर असला तर त्यास ‘डिप्रेशन’ म्हणतात. ५० ते ६१ असल्यास ‘डीप डिप्रेशन’. ६२ पासून ८८ पर्यंत ‘चक्रीवादळ’. ८९ ते ११७ पर्यंत ‘तीव्र चक्रीवादळ’. त्याहून वरच्या पायऱ्या चढत जाऊन २२२ किलोमीटर व पुढें गेलें म्हणजे ‘सुपर सायक्लोन’. क्यार हें या शेवटच्या पायरीस पोंचलें होतें.

वर्दी चार टप्प्यांनीं येते. पहिली पूर्वसूचना सुमारें ७२ तास आधीं. दुसरी, किनाऱ्यावर हवा बिघडण्यापूर्वीं निदान ४८ तास. तिसरी निदान २४ तास. आणि चौथी, वादळ किनारा ओलांडण्याच्या निदान १२ तास आधीं. घाटावरील शेतकऱ्यानें ही चौथी विशेष लक्षपूर्वक वाचावी. किनारा ओलांडल्यावर वादळ कोणत्या बाजूस सरकेल, आंतल्या कोणत्या जिल्ह्यांत किती पाऊस व वारा होईल, हें तिच्यांत सांगितलेलें असतें. जमिनीवर आल्यावर वाफेचा पुरवठा तुटून वारा मंदावतो. पाऊस मात्र दूरवर जातो.

बंदरावरील बावट्याविषयीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. बंदरांवर एकूण ११ इशारे आहेत. ते दिवसां खांबावर चढविलेल्या आकृत्यांनीं व रात्रीं दिव्यांनीं दाखवितात. लोकांस वाटतें कीं आंकडा वाढला म्हणजे वादळ तितकें जवळ आलें. तसें नाहीं. १ व २ नंबरचे बावटे दूर समुद्रांतील डिप्रेशन किंवा वादळ दर्शवितात. ३ नंबरचा बावटा त्या बंदरावरच सोसाट्याचा वारा सुटण्याचा संभव सांगतो. त्यासाठीं वादळ असलेंच पाहिजे असें नाहीं. ४ नंबर म्हणजे वादळाचा उपद्रव पुढें बंदरास होण्याचा संभव. ५ ते ७ हे धोक्याचे व ८ ते १० हे महाधोक्याचे होत. त्यांतील भेद वादळ बंदराच्या कोणत्या बाजूनें जाणार यावरून केलेला आहे. ११ नंबरचा अर्थ हवामान कचेरीशीं दळणवळण तुटलें असा आहे.

वाऱ्यावरून मध्य ओळखणें

तारा तुटून फोन बंद पडल्यावर उपयोगी पडेल असा एक नियम हॉलंडचे शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनीं इ. स. १८५७ मध्यें मांडला. मोकळ्या जागीं वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. वादळाचा मध्य आपल्या डाव्या हातास, किंचित् पुढच्या बाजूस असतो. कोंकणांत वारा ईशान्येकडून वाढत असेल तर मध्य साधारणतः दक्षिणेस आहे असें समजावें. तो नैर्ऋत्येकडून वाहूं लागला तर मध्य उत्तरेस गेला. डोंगराच्या खोऱ्यांत वाऱ्याची दिशा बदलते, तेथें या नियमावर भिस्त ठेवूं नये. आणखी असें कीं, मध्य डोक्यावर आला तर वारा एकदम पडतो. त्या शांततेस भुलून माणसानें बागेंत किंवा गुरांकडे धांवूं नये. थोड्याच वेळांत उलट दिशेनें तितकाच जोराचा वारा सुटतो.

वर्दी चुकते काय?

वादळाचा मार्ग नकाशावर पुढें पुढें रुंदावणाऱ्या पंख्यासारखा काढतात. मध्य त्या पंख्यांत कोठेंही जाऊं शकेल, असा त्याचा अर्थ आहे. आपलें गांव मधल्या रेषेवर नाहीं म्हणून निश्चिंत होणें चूक, व वादळ शेवटीं वळलें म्हणून वर्दी खोटी म्हणणेंही चूक. तीन दिवस आधींचा पंखा रुंद असतो, एका दिवसाआधींचा अरुंद. म्हणून वर्दी एकदां ऐकून भागत नाहीं. प्रत्येक नवी वर्दी पाहावी. वर्दी ऐकल्याचें फळ ओरिसाच्या किनाऱ्यानें दाखविलें आहे. इ. स. १९९९ च्या वादळांत तेथें सुमारें दहा हजार माणसें मेलीं, इ. स. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळांत लाखों लोकांस आधीं हलविल्यामुळें मृतांची संख्या शेंकड्याच्या आंत राहिली.

आपल्याकडील दोन दाखले

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. १ जूनच्या पहांटे तें केवळ डिप्रेशन होतें. २ तारखेस दुपारीं चक्रीवादळ झालें आणि ३ तारखेस दुपारीं जमिनीवर आलें. म्हणजे हातीं दोन-अडीच दिवसच होते. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा कांहीं तासांत आडव्या झाल्या. पोफळ धरण्यास पांच-सात वर्षें लागतात. तेव्हां हें नुकसान एका हंगामाचें नव्हे.

दुसरा दाखला पेरणीचा. इ. स. २०२३ च्या जूनांत ‘बिपरजॉय’ वादळ अरबी समुद्रांत रेंगाळलें व १५ जूनला कच्छांत जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यास लागलें. बाष्प त्यानें आपल्याकडे ओढल्यामुळें मोसमी वाऱ्यांची घडी बसण्यास विलंब झाला. पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत येऊन थबकला आणि मुंबईस २५ जूनला पोंचला. अशा वर्षीं वादळाच्या कडेची एखादी सर पाहून जो पेरतो त्याचें बियाणें वाफसा तुटून वायां जातें. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज कोरडवाहू पेरणी करूं नये, या कृषि खात्याच्या सल्ल्याचें मर्म अशा वर्षीं कळतें.

काय करावें

१. पहिल्या पूर्वसूचनेबरोबर शेतांतील चर मोकळे करावे. फवारणी व वरखत लांबणीवर टाकावें.

२. तयार आंबा व नारळ उतरवून घ्यावे. केळीस आधार द्यावा.

३. भात किंवा सोयाबीन झोडून झांकण्याइतका अवधि व माणसें असतील तरच कापावें. कापून पसरलेल्या पिकापेक्षां उभें पीक पुष्कळदां अधिक टिकतें.

४. कांद्याची चाळ व वैरणीची गंजी ताडपत्रीनें झांकून दोरानें आवळावी. गुरें मोठ्या झाडाखालीं किंवा कच्च्या भिंतीच्या आडोशास बांधूं नयेत. त्यांस पक्क्या निवाऱ्यांत किंवा उंच मोकळ्या जागीं न्यावें.

५. वादळानंतर कललेलीं लहान झाडें मुळें सुकण्यापूर्वीं उभीं करून माती व आधार द्यावा.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. नुकसानीचे पंचनामे लिहितांना झाडांची संख्या, क्षेत्र व पिकाची प्रत नोंदली जाते. परंतु वर्दी मिळाली होती काय व तिच्यावरून काय केलें, असा रकाना त्यांत नसतो. तो रकाना ज्यानें त्यानें आपल्या घरीं ठेवावा. गांवांतील एका वाचत्या माणसानें दोन्ही हंगामांत रोज सकाळ-संध्याकाळ हवामान खात्याची वर्दी पाहून चावडीच्या फळ्यावर तारीख व वेळ घालून लिहावी, आणि वादळ टळलें तरी तो क्रम मोडूं नये, अशी आमची विनंति आहे. यास खडूखेरीज खर्च नाहीं.