बर्फातली कोथिंबीर

हिवाळ्यात राणीसावरगावच्या पंचक्रोशीत कोथिंबीर मुबलक असते. एप्रिल-मेच्या उन्हात ती पानं धरण्याआधीच फुलोऱ्यावर येते आणि जुडी महागते. म्हणून थंडीतली कोथिंबीर बर्फाच्या कप्प्यात राखून ठेवणं शहाणपणाचंच. आडवा येतो तो ‘गोठवलेल्यात सत्त्व उरत नाही’ हा समज. खरं तर सत्त्व बरंचसं टिकतं, बिघडतं ते रूप. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात, आणि बर्फ वितळताच पान लुळं, काळपट होतं. त्याला लोक सडणं समजतात. उलट, क जीवनसत्त्व बाहेर कोमेजत पडलेल्या जुडीतूनच लवकर घटतं. अशी कोथिंबीर पोह्यांवर भुरभुरायला शोभणार नाही. वरणात, रश्शात, वाटणात तिचं रूप बघतो कोण?

इतकं ऊन फुकट असताना वाळवावी का नाही, हा आक्षेप वाजवी आहे. सांडगे-कुरडयांच्या मुलखात तो येणारच, आणि मेथीपुरता तो खराही आहे. पण कोथिंबिरीच्या पानाचा वास ज्या अल्डिहाइडांचा, ती उन्हात उडून जातात; उरतो तो गवताचा चुरा. धण्यांचा वास वेगळ्या द्रव्याचा आणि तो दाण्यात बंद असतो, म्हणून धणे डब्यात टिकतात. भाजी उकळत्या पाण्यातून काढून मगच गोठवावी, हा नियम पालकाला लागू आहे, कारण त्याने रंग-चव बिघडवणारी विकरं निकामी होतात. कोथिंबीर-पुदिन्याचा मात्र वासच त्या पाण्यात जातो. त्यापेक्षा धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून, चिरून, थोडं तेल चोळून छोट्या पुड्यांत हवा काढून भरावी. वापरताना वितळवत न बसता थेट भांड्यात टाकावी (गरम तेलात टाकताना जरा लांबून, कारण बर्फ तडतडतो).

दुसरा आक्षेप लाइटचा. गच्च भरलेला डीप फ्रीजर दार न उघडल्यास सुमारे ४८ तास थंडी धरतो, पण एकदारी फ्रीजच्या आतला कप्पा बहुधा उणे १८ अंशांपर्यंत जातच नाही. त्यातला साठा काही आठवड्यांत संपवावा. थंडीने जंतू मरतात, हा समज तर घातकच: ते नुसते निपचित पडतात आणि ऊब मिळताच वाढू लागतात. तेलातली हिरवी पानं बाहेर ठेवली, तर हवेविना वाढणाऱ्या बोटुलिझमच्या जंतूंना आयती जागा मिळते. म्हणून तेल चोळलेली पुडी पुन्हा लगेच कप्प्यातच जावी.