स्वयंपाक्याच्या हातात रायफल कशाला?

कोल्हापूर : सैन्यभरतीचा फॉर्म ‘ट्रेड्समन’चा असला की घरचे निर्धास्त होतात. पोरगं भाकऱ्या थापणार, गोळीबाराशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. स्वयंपाकी, धोबी, न्हावी असो की क्लार्क, सुरुवातीच्या सैनिकी प्रशिक्षणात प्रत्येकाला रायफल चालवायला शिकावंच लागतं. आपापलं काम त्यानंतर.

कारण समोरचा शत्रू ट्रेड विचारत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर ईएमईत होते, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर छावणीवर विमानांचा हल्ला झाला आणि त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या. (1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणणारे ते हेच.) आता विमानापुढं रायफल काय करणार, हेही खरंच. पण 18 सप्टेंबर 2016 ला उरीच्या तळात अतिरेकी पहाटे पायी घुसले. तिथं ज्याच्या हाताशी रायफल आणि अंगात सराव, तोच टिकणार.

जखमींची सेवा करणाऱ्यांनाही जिनिव्हा करारानुसार स्वतःच्या आणि रुग्णांच्या रक्षणापुरतं हत्यार बाळगता येतं.

खरा प्रश्न पुढचा. एकदा शिकलेला नेम वर्षानुवर्षं चुलीपुढं राहून टिकत नाही. त्यासाठी दरवर्षी गोळ्या, वेळ, फायरिंग रेंज द्यावी लागते. खर्च होतो, पण तो करायलाच हवा.

शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं फौजींचं गाव आहे. फॉर्म भरण्याआधी तिथल्या एखाद्या माजी सैनिकाला गाठून विचारावं. आणि धावण्याचा सराव सोडू नये, मैदानी चाचणी ट्रेड्समनलाही आहे.