वाढती समुद्रपातळी आणि किनारी समाज : खाजण व्यवस्थेचा धडा

प्रस्तावना

बेळगाव व निपाणी परिसराला समुद्रकिनारा नाही. तरीही समुद्राचा प्रश्न येथील अध्यापकांना परका नाही. खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखाकडील सखल शेती आज वाढत्या समुद्रपातळीमुळे धोक्यात आहे. अशा वेळी किनारी समाजाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पातळी का वाढते?

याची प्रमुख कारणे दोन. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रात येतो. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. आकडा लहान वाटतो; परंतु उधाणाच्या दिवशी बांध ओलांडायला पाण्याला थोडेच सेंटिमीटर पुरतात.

खाजण म्हणजे काय?

भरतीच्या पातळीखालील खाडीकाठची जमीन बांध घालून शेतीखाली आणली, की तिला गोव्यात खाजण म्हणतात. कोकणात अशा जमिनीला खारजमीन हा शब्द आहे. बांधात ‘मानस’ नावाचे दार असते. भरतीच्या दाबाने त्याची लाकडी झडप मिटते, ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने ती उघडते. पावसाळ्यात येथे कोरगुट हे खारेपणा सोसणारे भात पिकते आणि दाराशी मासळी मिळते.

या व्यवस्थेचे खरे बळ देखभालीत होते. गावकरी संस्था म्हणजेच कोमुनिदाद बांधांची दुरुस्ती पाहत असे. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. न्यायाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. मात्र पुढे बांधांची जबाबदारी कूळ संघांवर आली आणि अनेक गावांत ती नीट पार पडली नाही. मासळीच्या उत्पन्नासाठी खारे पाणी अवेळी आत घेतले गेले. बांध फुटले, शेते नापीक झाली.

उपाययोजना

पहिला उपाय म्हणजे बांधांची जबाबदारी निश्चित करणे आणि मासळीच्या लिलावातील काही वाटा दुरुस्तीसाठी राखणे. दुसरा, बांधाबाहेरील खारफुटी जपणे; ती लाटांचा जोर कमी करते. दगडी भिंत एका गावाला वाचवते, पण शेजारच्या किनाऱ्याची धूप वाढवू शकते. तिसरा, नदीचा गोडा प्रवाह राखणे. उन्हाळ्यात तो क्षीण झाला की खारेपणा खाडीत आणखी वर सरकतो. म्हादई पाणीवाटपाच्या वादात लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला. त्या वादाला ही बाजूही आहे. जेथे बचाव शक्यच नाही, तेथे स्थलांतर रहिवाशांच्या संमतीने व्हावे. सातबारावर नाव नसलेले मच्छीमार व शेतमजूर यांचीही त्यात गणना व्हावी.

समारोप

२०१९ व २०२१ मध्ये निपाणीजवळ वेदगंगेच्या पुराने महामार्ग बंद पडला. त्या पुराचे कारण वेगळे. पण बांध कोणी राखायचा, खर्च कोणी द्यायचा आणि आधी कोणाला हलवायचे, हे प्रश्न तेच आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या नदीकाठी हे तीन प्रश्न विचारले, तर दूरच्या समुद्राचा धडा त्यांना जवळचा वाटेल.