एक्स्टर्नल हार्ड डिस्क बिघडू लागली तर? लिनक्सवर आधी काय करावं, काय टाळावं



शाळेची निकालपत्रकं, स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ, घरी मुलांच्या बारशापासूनचे फोटो, असं बरंच काही आपण एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवतो. मग कधीतरी फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात, कॉपी मध्येच अडकते, किंवा डिस्क लावूनही दिसत नाही. अशा वेळी बहुतेक जण लगेच 'रिपेअर'च्या मागे लागतात. डिस्क बाजारात नवीन मिळते, आतली माहिती मिळत नाही. म्हणून आजच्या लेखाचं सूत्र एकच : आधी प्रत, मग दुरुस्ती.

उदाहरण म्हणून उबंटू आणि १ टीबीची, खिशात मावणारी पोर्टेबल डिस्क घेऊ. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान लिपीत, अक्षरांमधल्या रेघा वगळून लिहाव्यात.

१) आधी थांबा

डिस्कमध्ये वेगाने फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांच्या पृष्ठभागाला न टेकता, अगदी जवळून वाचक हेड फिरतं. एखादा भाग वाचता आला नाही की डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचू पाहते. आजारी डिस्कला हे कष्ट झेपत नाहीत. म्हणून या गोष्टी टाळा :

- फॉरमॅट करू नका.
- एफ-एस-सी-के ही दुरुस्तीची आज्ञा चालवू नका. ती डिस्कवर लिहिते आणि वाचण्याजोगं आहे तेही बिघडू शकतं.
- डिस्कवर नवीन काही सेव्ह करू नका.
- 'टक् टक्' असा ठराविक आवाज येत असेल तर डिस्क लगेच काढा. हा बहुधा हेडचा बिघाड असतो, तो सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. माहिती मोलाची असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावं. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा 'उपाय' करू नये. आत दव धरतं.

२) दोष डिस्कचा की केबलचा?

अशी डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते. यूएसबी २ पोर्टची प्रमाणित मर्यादा ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३ ची ९०० मिलिअँपिअर. हब, लांब केबल किंवा कॅबिनेटचा पुढचा सैल पोर्ट असेल तर वीज अपुरी पडू शकते. आवाज येत नसेल तर केबल बदला आणि डिस्क थेट मागच्या पोर्टला लावून पाहा. अनेकदा 'बिघाड' इथेच संपतो.

३) लिनक्स काय सांगतो ते वाचा

डिस्क लावल्यावर टर्मिनलमध्ये 'सुडो डी-एम-ई-एस-जी' ही आज्ञा द्या. शेवटच्या ओळी पाहा.

- 'रिसेट', 'डिसकनेक्ट' हे शब्द वारंवार दिसले तर संशय आधी केबल, पोर्ट, विजेवर.
- 'मीडियम एरर', 'अनरिकव्हर्ड रीड एरर' दिसलं तर तबकडीचा भागच वाचता येत नाहीये.
- यापैकी काही नाही, पण विंडोजवर वापरलेल्या डिस्कवर फाईल सेव्ह होत नाही? विंडोजने डिस्क नीट बंद केली नसेल. ती विंडोजला लावून 'सेफली रिमूव्ह' करून काढा.

४) डिस्कचं प्रगतिपुस्तक

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. ती 'स्मार्टसीटीएल' आज्ञेने वाचता येते. त्यासाठी 'स्मार्टमॉनटूल्स' इन्स्टॉल करावं. यूएसबी डिस्क ओळखली जात नसेल तर आज्ञेत 'डॅश डी सॅट' घालून पाहावं. तक्त्यातल्या शेवटच्या 'रॉ व्हॅल्यू' रकान्यात हे क्रमांक बघा :

- ५ : खराब म्हणून बदललेले सेक्टर
- १९७ : वाचता न येणारे, निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर
- १९८ : तपासणीत वाचताच न आलेले सेक्टर
- १९९ : डेटा वाहताना झालेल्या चुका, इथे जोडणीवर संशय घ्यावा

पहिल्या तिन्हींत शून्य हवं. १९७ चा आकडा वाढत असेल तर वेळ थोडा आहे. वर 'पास्ड' लिहिलेलं असलं तरी गाफील राहू नका. आपल्याकडेही काठावर पास होणारे असतातच!

५) प्रत कशी काढावी?

डिस्क उघडत असेल तर सर्वांत मोलाच्या फाईल आधी कॉपी करा. सिनेमे, इन्स्टॉलर नंतर. कॉपी अडकत असेल तर ती रेटू नका, 'डीडीरेस्क्यू' वापरा. उबंटूत या पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू' आहे. ते डिस्क लावण्याआधीच इन्स्टॉल करून ठेवा.

'एल-एस-बी-एल-के' आज्ञेने आकारावरून डिस्कचं नाव ओळखा आणि ती अनमाउंट करा. डीडीरेस्क्यूला तीन गोष्टी याच क्रमाने द्यायच्या : आजारी डिस्क, प्रतीची फाईल, नकाशाची फाईल. क्रम चुकला तर डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी दोनदा वाचा. प्रत दुसऱ्या डिस्कवरच ठेवायची आणि तिथे १ टीबीहून जास्त जागा हवी.

पहिल्या फेरीत 'डॅश एन' द्या. अवघड जागांशी झटापट न करता सोपं ते आधी वाचलं जातं. दुसऱ्या फेरीत 'डॅश आर ३' देऊन उरलेले भाग तीनदा वाचून पाहा. नकाशाच्या फाईलमुळे काम मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचली तरी १ टीबीला जवळपास पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्कला काही दिवसही लागू शकतात.

६) आता दुरुस्ती, पण प्रतीवर

मूळ डिस्क बाजूला ठेवा. हरवलेलं पार्टिशन शोधायला 'टेस्टडिस्क', फोटो आणि फाईल वेचायला 'फोटोरेक' वापरा. फोटोरेकने मिळालेल्या फाईलींची जुनी नावं बहुधा राहत नाहीत, नंतर निवडत बसावं लागतं. प्रयोग फसला तरी मूळ डिस्कला धक्का लागत नाही. जागा असेल तर प्रतीचीही प्रत आधी काढून ठेवा.

७) पुढच्यासाठी

महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. निकालाची एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक डिस्कवर आणि एक शाळेच्या अधिकृत क्लाऊड खात्यात, इतकं पुरे. आणि एक विसरू नका : शाळेच्या डिस्कवर मुलांचे पत्ते, जन्मतारखा असतात. दुरुस्तीला देताना माणूस विश्वासाचा हवा, आणि बाद डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिच्या तबकड्या निकामी करायला हव्यात.

ज्यांची डिस्क आज ठणठणीत आहे, त्यांनी दुसरी प्रत याच आठवड्यात काढावी.